पुस्तक मिटल्यावर हाताशी काय उरतं?

उंबरठा

गेली काही वर्षं मी जवळजवळ फक्त कथेतर पुस्तकंच वाचतेय. आत्मचरित्रं, चरित्रं, सवयींवरची, मनाच्या कामकाजावरची. मागच्या वर्षी 28 झाली. तारखांसकट यादी ठेवली आहे.

परवा धाकटी बहीण आली होती. तिनं नुकतीच नोकरी बदललीय, नव्या जागी जम बसत नाहीये, त्यामुळे खचलेली होती. शेल्फसमोर उभी राहून म्हणाली, "ताई, तू एवढं वाचतेस. ज्याच्यामुळे तुझं खरंच काही बदललं असं एकच सांग. मी तेवढंच वाचेन."

मी एक पुस्तक काढलं. पानंच्या पानं पिवळ्या मार्करनं रंगवलेली. "यात काय आहे?" तिनं विचारलं. मी बोलायला लागले आणि दोन वाक्यांत थांबले. कुठे बसून वाचलं ते आठवत होतं, वाचताना अंगावर काटा आला होता तेही आठवत होतं, पण आत काय होतं ते काही केल्या आठवेना. दुसरं काढलं, तेच. तिसऱ्यालाही तेच. बहीण काही बोलली नाही, पण मला फार लागलं ते.

मग खालच्या कप्प्यातलं वीज आणि चुंबकत्वावर मोठे शोध लावणाऱ्या मायकेल फॅरडेचं एक जुनं, पातळ चरित्र हाती आलं. त्यावर मी अर्धा तास बोलले, पुस्तक न उघडता. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी, 1805 मध्ये, बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत सुटला. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्यानं तसाच वाचला. वाचून गप्प बसला नाही. तांब्याची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून त्यानं स्वतःची बॅटरी करून पाहिली. 1812 साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं टिपणं काढली, घरी येऊन आकृत्यांसह सुवाच्य उतरवली, स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. 1813 च्या मार्चमध्ये तो डेव्हीच्याच संस्थेत, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, मदतनीस म्हणून रुजू झाला.

हे एवढं मला का आठवतं, याचा तेव्हापासून विचार करतेय. ते वाचलं त्या वर्षी मी अशा कामात होते ज्याची पदवी माझ्याकडे नव्हती. भोवती सगळे शिकलेले, आणि आपण मागच्या दारानं आलोय असं रोज वाटायचं. फॅरडे वाचून दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि ऑफिसातल्या प्रत्येक मीटिंगनंतर न कळलेले शब्द लिहून रात्री त्यांचे अर्थ शोधायला लागले. सात महिने चालली ती वही. अजून आहे माझ्याकडे.

तर विचारायचं होतं, तुमच्यात कोणतं पुस्तक असं मुरलं? आणि बाकीची का मुरली नाहीत? पुस्तकांच्या नावांपेक्षा ते कसं घडलं हे वाचायला जास्त आवडेल.

पिंपळपान

उंबरठाताई, तुमच्या लिहिण्यातच अर्धे उत्तर आले आहे असे मला वाटते. फॅरडे वाचताना तुमच्याकडे एक ठसठसणारा प्रश्न होता. बाकीची पुस्तके वाचताना तो नसावा.

यावर मला सर्वांत पटलेले उदाहरण गांधीजींचे. 1904 साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून दर्बानला निघताना त्यांचे मित्र पोलाक यांनी त्यांच्या हाती इंग्रज लेखक रस्किनचे 'अन टू धिस लास्ट' ठेवले. चोवीस तासांचा प्रवास. पुस्तक खाली ठेववेना, रात्री झोप लागली नाही, आणि पहाटे उठले ते त्यातले विचार आचरणात आणायचे ठरवूनच. त्याच वर्षी दर्बानजवळ, सर्वांनी श्रम करून राहायची, फिनिक्सची वसाहत उभी राहिली. पुढे 1908 मध्ये त्यांनी त्या पुस्तकाचे सार 'सर्वोदय' या नावाने गुजरातीत लिहिले.

हे सगळीकडे चमत्काराच्या थाटात सांगितले जाते. पण ते दर्बानला कशासाठी निघाले होते? 'इंडियन ओपिनियन' हे त्यांचे साप्ताहिक तोट्यात चालले होते, त्याचा हिशेब बघायला. पैसा कसा उभा करायचा, कामगारांना काय द्यायचे, छापखाना कुठे हलवायचा, हे सारे डोक्यात घोळत असतानाच श्रमाचे मोल सांगणारे पुस्तक हाती आले.

आत्मकथेत त्यांनी त्या पुस्तकातून घेतलेल्या तीन गोष्टी मोजून सांगितल्या आहेत. सर्वांच्या हितात आपले हित आहे, ही पहिली. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, ही दुसरी. अंगमेहनतीचे जीवन हेच खरे जीवन, ही तिसरी. आणि पुढे ते स्वच्छ लिहितात की पहिली मला माहीत होती, दुसरी अंधुक जाणवत होती, तिसरीचा विचार कधी मनात आलाच नव्हता. पुस्तक वाचून झाल्यावर आपणही ही अशी विभागणी करून पाहावी. मी गेली बरीच वर्षे करतो. माझ्या अनुभवात बहुतेक पुस्तकांत तिसऱ्या खान्यात काहीच पडत नाही. पण ज्यात पडते, ते पुस्तक विसरले जात नाही.

त्याच प्रकरणात ते असेही म्हणतात की आपले वाचन फार थोडे, पण थोडे असल्यामुळेच जे वाचले ते नीट पचवता आले. निवृत्तीनंतर मी वाचनाचा सपाटा लावला होता. हे वाक्य दुसऱ्यांदा वाचले तेव्हा थांबलो. आता वर्षाला पाच-सहा पुस्तके होतात.

गुणाकार

उत्तम धागा. मी शिकवतो, त्यामुळे 'वाचलं पण आठवत नाही' हे रोज ऐकतो. यात तुमची काही चूक नाही, उंबरठा. स्मरणशक्तीचं काम असंच चालतं.

मार्कर मारताना आणि तेच पान पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. ओळखीचा वाटला की आपण समजतो, आलं आपल्याला. पण समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं आणि समोर नसताना आठवणं वेगळं. तुमच्या बहिणीनं तुम्हाला दुसरं करायला लावलं, सराव मात्र तुमचा पहिल्याचा होता.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच सत्रभर वाचला आणि पुढची तीन सत्रं, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं. चारही सत्रं वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, लिहून बघणाऱ्यांना सुमारे 61 टक्के.

मला यातला पाच मिनिटांचा निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. पुस्तक मिटल्या मिटल्या आपल्याला जे भरून आल्यासारखं वाटतं ना, ते तेव्हा खरंच असतं. म्हणूनच फसायला होतं.

मी स्वतः एवढंच करतो: प्रकरण संपलं की पुस्तक पालथं घालायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. आठवत नसेल तर तसंच बसून राहायचं, लगेच उघडायचं नाही. ते अडखळणं नकोसं वाटतं, पण पक्कं होतं ते त्यातच. मग उघडून राहिलेलं बघायचं, आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा. मार्कर मी सोडला.

दूरस्थ

सगळ्यांचं पटतंय, पण एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. काही पुस्तकं मुरतात, पण चुकीचं मुरतं.

मी पंचविशीत सवयींवरचं एक गाजलेलं पुस्तक वाचलं होतं. नाव लिहीत नाही. त्यात ठामपणे म्हटलं होतं की कुठलीही गोष्ट सलग 21 दिवस केली की सवय होते. मी पहाटे उठून अभ्यास करायचं ठरवलं. भिंतीवर तक्ता लावला, रोज एक फुली. 21 फुल्या झाल्या. बाविसाव्या दिवशी गजर झाला आणि अंग पहिल्या दिवसाइतकंच जड. तेविसाव्या दिवशी उठलोच नाही. तक्ता काढून टाकला. मनात काय बसलं? लोकांना 21 दिवसांत जमतं, मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे. त्यानंतर वर्षभर मी कुठलीही नवी गोष्ट सुरू केली नाही. ती परीक्षाही राहिली ती राहिलीच.

खूप नंतर कळलं की हा आकडा आला कुठून. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण 21 दिवस लागतात, असं त्यांनी स्वतःच्या निरीक्षणावरून 1960 च्या पुस्तकात लिहिलं. पुढच्या लोकांनी 'कमीत कमी' गाळलं, चेहरा गाळला आणि कुठल्याही सवयीला तो आकडा चिकटवला.

प्रत्यक्ष मोजमाप केलं ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 2009 मध्ये. 96 जणांनी रोजची एक छोटी गोष्ट निवडली, कुणी खाण्यापिण्यातली, कुणी व्यायामाची, आणि 12 आठवडे नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला तेव्हा गोष्ट आपोआप व्हायला लागायचा काळ माणसागणिक 18 ते 254 दिवस निघाला, मधला आकडा 66. आणि मला ज्यानं अक्षरशः हायसं वाटलं ते हे, की मधे एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं काही बिघडत नाही.

हे मला पंचविशीत कुणी सांगितलं असतं तर तेविसाव्या दिवशी न उठता चोविसाव्या दिवशी उठलो असतो. माणूस हताश असतो तेव्हाच अशी पुस्तकं हातात घेतो. लिहिणाऱ्यानं आकडा छापण्याआधी त्याचा उगम बघायला नको का? आता मी कुठल्याही मार्गदर्शनपर पुस्तकात 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' असं दिसलं की थांबतो. कुणी केलं, किती लोकांवर केलं हे लेखकानं सांगितलं नसेल, तर ते पान मी त्याचं मत म्हणून वाचतो, त्याहून जास्त वजन देत नाही.

उंबरठा

दूरस्थ, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. 21 दिवसांचं मी स्वतः दोन-तीन जणांना सांगितलंय. बहिणीलाही. आज तिला फोन करून सांगते.

गुणाकार, कोऱ्या कागदाचं आजच करून बघणार.

पिंपळपान काका, तीन खान्यांची कल्पना फार आवडली. पण एक शंका आहे. प्रश्न घेऊनच वाचायचं ठरवलं तर, ज्या प्रश्नाची आपल्याला अजून जाणीवच नाही, तो दाखवणारं पुस्तक हाती कसं येणार?

पिंपळपान

शंका रास्त आहे. पोलाक यांनी पुस्तक दिले नसते तर गांधीजींनी ते शोधत जाऊन वाचले असते असे नाही. माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे की आपल्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाने पुढे केलेले पुस्तक परत करू नये, विषय आपला नसला तरी.

रातराणी

मी नर्स आहे, बहुतेक रात्रपाळी. पहाटे तीन ते चारच्या मधे वॉर्ड शांत असतो तेव्हा दोन-तीन पानं होतात, रोज नाही. त्यामुळे किती पुस्तकं वाचली हा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नाही.

मला एक वेगळं सांगायचंय. इथे प्रेरणा म्हणजे काहीतरी सुरू करणं असा सूर आहे. मला पुस्तकातून बऱ्याचदा धीर हवा असतो. पाळी संपेपर्यंत टिकायचं असतं. त्या वेळी 'उठा, जग जिंका' छापाची पुस्तकं मला वाचवत नाहीत, दमायला होतं.

लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे मी दीड वर्ष वाचत होते. त्या बाईंना वाचकाला काही शिकवायचंच नाही. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा लहरीपणा, स्वतःची भीती, स्वतःचे राग, सगळं जसं घडलं तसं सांगतात, आणि कुणावर डूख धरून नाही. शाळेत गेलेल्या नाहीत. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर जवळजवळ पाच वर्षं वेगळं राहून काढली. आणि 1919 मध्ये नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य हाती घेतलं. टिळकांचे दहाएक अध्याय झाले होते, पुढचे साठाहून जास्त बाईंनी लिहिले.

एका रात्री माझ्या वॉर्डातल्या एक आजी गेल्या. तीन आठवडे माझ्याकडेच होत्या. सगळं आवरून, कागद पूर्ण करून मी खुर्चीत बसले आणि सवयीनं पुस्तक उघडलं. काय वाचलं ते खरंच आठवत नाही, एखादं पानच असेल. पण हात थरथरत होते ते थांबले एवढं आठवतं. गुणाकार सर, त्या पानाची चाचणी घेतलीत तर मला शून्य मिळेल. तरी ते पुस्तक माझ्यात आहे.

गुणाकार

रातराणी, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी लिहिलं ते माहिती आणि विचार लक्षात ठेवण्याबद्दल. तुम्ही ज्यासाठी वाचता त्याला ते माप लागू नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

नवी_पालवी

मी कॉलेजला आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझे मित्रमैत्रिणी पुस्तकं वाचत नाहीत, सारांश ऐकतात. पंधरा मिनिटांत अख्खं पुस्तक. मीही ऐकते. त्यात काय वाईट आहे? बऱ्याच पुस्तकांत मुद्दा एकच असतो आणि तोच पुन्हा पुन्हा सांगितलेला असतो, हे तुम्हालाही मान्य असेल.

दूरस्थ

मान्य आहे. एका लेखात मावेल एवढाच ऐवज असलेली पुस्तकं खूप आहेत, त्यांचा सारांश ऐकून मोकळं व्हावं. त्यात वेळ वाचतो आणि काही गमावत नाही. चरित्रांचा मात्र ऐकू नकोस.

पिंपळपान

पालवी, तू विचारलेस ते बरे केलेस. सारांश जरूर असावा, पण तो तू केलेला असावा. पुढे अमेरिकेचा मोठा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ झालेला बेंजामिन फ्रँकलिन तुझ्याहून लहान असताना भावाच्या छापखान्यात काम करी. चांगले लिहिता यावे म्हणून त्याने काय केले ते आत्मचरित्रात सविस्तर आहे. आवडलेला निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा. ती टिपणे काही दिवस बाजूला ठेवायची. मग मूळ निबंध न बघता टिपणांवरून तो आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून चुका शोधायच्या. कधी तो टिपणे मुद्दाम विस्कटून टाकी आणि काही आठवड्यांनी क्रम लावायला बसे, म्हणजे विचारांची मांडणी कशी असते ते कळावे. 2006 च्या त्या प्रयोगात जे दिसले ते या पोराला अठराव्या शतकात आपले आपणच सापडले होते.

आणखी एक त्याच पुस्तकातले, कारण दूरस्थ यांचा तक्ता वाचून मला ते फार आठवले. त्याने तेरा सद्गुणांची यादी केली होती आणि एका छोट्या वहीत रोजच्या चुकीला काळा ठिपका देई. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष. तेरा आठवड्यांचे एक आवर्तन, म्हणजे वर्षाला चार. नव्या आवर्तनाला जुने ठिपके खरवडून काढावे लागत, आणि खरवडून खरवडून कागदाला भोके पडली. तेव्हा त्याने हस्तिदंती पाने असलेली टिपणवही घेतली, ओल्या स्पंजने पुसता येईल अशी. नीटनेटकेपणा काही त्याला शेवटपर्यंत साधला नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. भोके पडेस्तोवर त्याच पानावर परत परत यायचे, हे मला त्या तेरा गुणांहून मोठे वाटते. हे सारांशात यायचे नाही, कारण सारांश करणाऱ्याला ते बिनमहत्त्वाचे वाटणार.

नवी_पालवी

भोकं पडलेल्या वहीचं कधीच ऐकलं नव्हतं. तेरा गुणांची यादी मात्र ऐकली होती, सारांशातच. आत्मचरित्र लायब्ररीतून आणते. काका, टिपणं काढून झाल्यावर इथे टाकली तर बघाल का?

पिंपळपान

अवश्य टाक. पण मूळ पुस्तकाशी आधी तू ताडून बघ, मग मी बघतो.

दूरस्थ

पिंपळपान, वहीचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. धन्यवाद.

उंबरठा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं काही घडलंय.

पिवळ्या मार्करवालं ते पहिलं पुस्तक मी पुन्हा घेतलं. पहिलं प्रकरण वाचून पालथं घातलं आणि कोरा कागद ओढला. चार ओळी झाल्या. पंधरा मिनिटं बसले, पाचवी आली. उघडून बघितलं तर त्या प्रकरणात माझ्या मार्करनं रंगवलेल्या ओळी बावीस होत्या, आणि माझ्या पाचांतली एकही त्यांत नव्हती. आठवलं ते सगळं लेखिकेनं सांगितलेल्या एका छोट्या प्रसंगातलं होतं. चार दिवसांनी पुन्हा लिहिलं तेव्हा अकरा ओळी झाल्या. तीन खाने आखले. 'कधी मनात आलं नव्हतं' या खान्यात एक गोष्ट पडली. आजवर ती माझ्या डोळ्यांखालून दोनदा तरी गेली असणार.

यादी लिहिणं बंद केलंय. या वर्षी किती झाली ते माहीत नाही.

बहिणीला शेवटी कुठलंच पुस्तक दिलं नाही. माझी ती जुनी वही दिली, ऑफिसातले शब्द लिहिलेली. म्हटलं, आधी ही बघ. काल तिचा फोटो आला. माझ्या शेवटच्या पानानंतर तिनं तारीख घातली आहे आणि खाली नव्या कामातले सहा शब्द लिहिलेत, चारांपुढे अर्थ आहेत, दोन अजून कोरे. फोटोखाली तिनं विचारलंय, "फॅरडे कधी देतेस?"